एक घर खाली

मी कार्बोरेटर लावलेली मोटरसायकल पेट्रोल जास्त पिते, असं काका म्हणतात. ते खरं आहे. टू-स्ट्रोक गाडीचा कार्बोरेटर लावताना, म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवताना, दोन्हीकडे चुकता येतं. पेट्रोल जास्त झालं तर गाडी अडखळते, धूर सोडते, प्लग काळा करते आणि बंद पडते. कमी झालं तर गाडी छान पळते, हलकी वाटते, आवाज मोकळा येतो, आणि मग एकाएकी पिस्टन सिलिंडरला धरतो. या इंजिनाला ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पहिल्या चुकीत प्लग बदलावा लागतो. दुसऱ्या चुकीत मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि वर बसलेला माणूस पुढे जातो. भित्रा माणूस पहिल्या बाजूला चुकतो. मी भित्रा आहे.

काका म्हणजे ग्वाल्हेरला दौलतगंजात ज्यांच्या वर्कशॉपमध्ये मी काम करतो ते. त्यांचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि इकडचेच झाले. मी गडहिंग्लजच्या बाजूचा. कोल्हापुरातल्या एका गॅरेजच्या टीमबरोबर इथे मातीतल्या शर्यतीला आलो होतो. शर्यतीआधीच ताप चढला. शर्यत झाल्यावर टीम गाड्या ट्रकात घालून परत गेली, मी पडाव भागातल्या एका लॉजवर पडून राहिलो. काकांची माझी ओळख एवढीच, की ताप चढायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडून क्लच केबल घेतली होती आणि मराठीत बोललो होतो. टीममधल्या कोणाकडून तरी त्यांना कळलं. ते लॉजवर आले, मला बघितलं, लॉजवाल्याला दोन शब्द सुनावले आणि रिक्षात घालून घरी घेऊन गेले. काकूंनी पेज दिली, डॉक्टर आणला. उठून बसायला लागल्यावर मी म्हटलं, "काही काम असेल तर सांगा." काका म्हणाले, "काम तर ढीगभर पडून आहे, पाहुणे." त्याला काही वर्षं झाली. ते मला अजून पाहुणेच म्हणतात.

या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. ते त्यांच्यासमोर बोलून दाखवायची सोय नाही, काकू अंगावर येतात. ते मनात राहतं आणि कामात उतरतं. काकांनी सांगितलेलं मी तसंच्या तसं करतो. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून जो कोणी मला काही शिकवतो त्याला उलट प्रश्न विचारायला माझं तोंड उघडत नाही.

त्यांच्या भाषेची मला सवय झाली होती, निदान मला तसं वाटत होतं. "ध्यान ठेव", "समजेत आलं का", "गाडी चालून राहिली आहे" हे सगळं कानात बसलं होतं. बाजारात, पोलीस चौकीपाशी, पडावला ट्रान्सपोर्टवाल्यांशी हिंदी असायची. हिंदी ऐकताना मी सावध असायचो. प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन बघायचा, मग उत्तर द्यायचं. वर्कशॉपमध्ये काका मराठीत बोलायला लागले की कान सैल सुटायचे. आपली भाषा आहे, यात काय बघायचं.

त्यांची मुलगी मातीतल्या शर्यतींत गाडी पळवते. वयाने ती माझ्यापेक्षा लहान, पण मी तिला ताई म्हणतो आणि ती मला दादा म्हणते. तिची गाडी परदेशी टू-स्ट्रोक, वापरलेली घेतली होती. मी यायच्या आधीच्या हिवाळ्यात ती एका सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात असताना जाम झाली, पिस्टनने सिलिंडर धरला. ताईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, गाडीही जुळली, पण काकूंनी त्या वेळी एक अट घातली आणि ती अट घरात सगळ्यांना पाठ आहे. गाडी आणखी एकदा जाम झाली की विकायची. कोणाचा दोष, कशामुळे, काही ऐकून घेणार नाही. काकू पोस्टात नोकरीला होत्या. नियम एकदा लावला की काउंटरच्या पलीकडे कोण उभं आहे ते त्या बघत नाहीत.

म्हणून ती गाडी मी नेहमी पेट्रोल जास्तच्या बाजूला ठेवत आलो. ताईची त्यावर कुरकुर असायची. "दादा, कोपऱ्यातून बाहेर पडताना ही झोपते. बाकीचे निघून जातात." मी बघतो म्हणायचो आणि बघत नसायचो. झोपलेली गाडी विकावी लागत नाही.

यंदाच्या जानेवारीत शर्यत रविवारी होती. शनिवारी आम्ही शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीमागे गाडीचा कार्बोरेटर लावायला गेलो. तिथे मोकळी जमीन आहे, खाणीतली पांढरट भुकटी आणि लाल माती. एरवी आम्ही तिघेच जातो. त्या दिवशी काकूही आल्या, कारण काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. धुळीत जाऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि काका धुळीतच चालले होते. काकूंनी त्यांना काळा चष्मा लावून मोटारीत मागच्या सीटवर बसवलं, काच वर केली आणि बोटभर फट ठेवली. "बोलायचं ते इथून बोला." काकांनी मान हलवली. कार्बोरेटरच्या आतल्या बारीक जेट-सुईपर्यंत त्यांचे डोळे पोचणार नव्हते. डोळे माझे, अक्कल त्यांची, असं ठरलं.

धुकं विरेपर्यंत थांबलो. ऊन आलं तसं ताईने गाडी बाहेर काढली आणि दोन फेऱ्यांतच परत आणली.

"बाबा, इसमें जान ही नहीं है. आधे पे आके भर्र भर्र करती है."

"वर पूर्ण खोललीस?"

"कशी खोलू? अर्ध्यावरच अडकते."

काकांनी फटीतून विचारलं, "पाहुणे, सुई कितव्या घरात?"

इथे जरा सांगायला हवं. कार्बोरेटरमध्ये एक लांब सुई लटकत असते. तिच्या डोक्याशी बारीक खाचा कोरलेल्या असतात, एकाखाली एक. आम्ही त्यांना घरं म्हणतो. एका घरात छोटी क्लिप अडकवायची आणि त्या क्लिपवर सुई टांगायची. क्लिप वरच्या घरात लावली तर सुई खाली उतरते आणि पेट्रोलची वाट अडवते. क्लिप खालच्या घरात लावली तर सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. सुई आणि क्लिप उलट्या चालतात. थ्रॉटल अर्धा असताना, म्हणजे मूठ अर्धीच पिळलेली असताना, सगळा कारभार या सुईचा. पूर्ण उघडला की सुईचं राज्य संपतं, मग बुडाशी असलेला मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, ठरवतो.

"तिसऱ्या घरात," मी म्हटलं.

"मग एक घर खाली."

मी कार्बोरेटर सोडवला, क्लिप काढली, तोंडात धरली, सुई पुसली आणि क्लिप तिसऱ्याच्या खालच्या, चौथ्या घरात बसवली. बसवताना एकदा मनात आलं की याने पेट्रोल वाढेल, आणि गाडीला तर आधीच जास्त होतंय. पण काका म्हणाले होते. त्यांच्या डोक्यात काहीतरी असणार. आणि पेट्रोल वाढायला माझी कधीच हरकत नसते.

ताई गेली आणि आली. आता तर धुरामागे ती दिसतच नव्हती.

"और बिगड़ गई!" तिने हेल्मेट काढलं. "दादा, डास मारायची गाडी केलीस तू."

काका काचेमागे विचार करत बसले. काकू बाहेर दगडावर बसून गजक, तिळाची कुरकुरीत वडी, खात होत्या. त्यांनी धूर बघितला आणि म्हणाल्या, "धूर आला तर बरं असतं ना रे? तूच सांगतोस."

"बरं असतं, काकू."

"मग हिचं तोंड का वाकडं?"

काकांनी काचेवर टकटक केलं. "सुई उतरवूनही धूर जात नाही म्हणजे मेन जेटच मोठा आहे. एक नंबर लहान घाल. नको, दोन नंबर घाल."

सुई उतरवून, हे शब्द मी ऐकले. ऐकताना काहीतरी खटकलं. मी तर सुई चढवली होती. पण क्लिप उतरवली होती, तेच ते म्हणत असतील असं मी धरलं. गॅरेजमध्ये सुई आणि क्लिप या दोन शब्दांत कोणी फार फरक करत नाही. मी विचारायला हवं होतं का? हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात काका म्हणाले, "लाव, लाव, उन्हं चढून राहिली आहेत," आणि मी मेन जेट काढायला वाकलो.

दोन नंबर लहान जेट मी घातला. कार्बोरेटर जोडल्यावर मी ताईला म्हटलं, "ताई, पूर्ण खोललीस तर क्लचवर बोटं ठेव. पिस्टन धरायला लागला की लगेच दाब."

"नेहमीच ठेवते."

"आज जास्त ठेव."

ती हसली. "जास्त कसं ठेवतात, दादा? पाचही ठेवू?"

या वेळी तिने ठरवलेलंच होतं. अर्ध्यावर गाडी अडखळली तरी तिने सोडली नाही, तशीच रेटत सरळ पट्ट्यावर आली आणि थ्रॉटल पूर्ण उघडला. अडखळणं गेलं. आवाज स्वच्छ झाला. काका काचेमागे मान डोलवायला लागले. मला तो आवाज आवडला नाही. पट्ट्याच्या निम्म्यापर्यंत गाडीचा आवाज भरीव होता, नंतर त्यातला गर निघून गेला. रिकाम्या डब्यावर काठी घासावी तसा कोरडा, चढत जाणारा. मी हात वर केला. ती बघत नव्हती, बघणं शक्यही नव्हतं. मी "क्लच!" असं ओरडलो. तेही तिला ऐकू जाणार नव्हतं.

मग आवाज तुटला. धूळ पुढे गेली. धुळीतून गाडी सरळ, नुसती घरंगळत बाहेर आली आणि ताई तिच्यावर बसलेली होती.

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. गजकाचा कागद त्यांच्या हातात चुरगळला होता.

आम्ही धावलो. ताईने हेल्मेट काढलं. "हिचा जीवच गेला एकदम. मी क्लच दाबला, इंजिन बंद करायचं बटण दाबलं." ती श्वास घेत म्हणाली, "पकडायलाच आली होती, दादा. ढिली पडली मधेच."

मी किक हाताने फिरवली. फिरली. जड होती का? गरम इंजिन, माझे हात, त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. प्लग काढला. ज्या गाडीने सकाळपासून धूर सोडला होता तिचा प्लग खडूसारखा पांढरा होता, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं.

काका मोटारीतून उतरून आले होते. काकूंनी त्यांना या वेळी अडवलं नाही. मी प्लग त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो काळ्या चष्म्याजवळ नेला, चष्मा वर केला, परत खाली केला.

"पांढरा?"

"पांढरा."

"असं कसं होईल? खाली धूर आणि वर पांढरा? पाहुणे, सुईचं वरचं एक घर खाली ठेवलंस ना?"

"खाली केलं की. तिसऱ्यावरून चौथ्यात."

"चौथ्यात?" काका जागच्या जागी वळले. "चौथ्यात कशाला? एक घर खाली म्हटलं मी."

"चौथं खालीच आहे."

"अरे, खाली म्हणजे खाली!"

"व्हय, खाली म्हणजे खालीच केलं!" माझा आवाज चढला. काकांसमोर तो पहिल्यांदाच चढला असेल, आणि सोबत गावची बोलीही बाहेर आली.

ताई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग ती मटकन मातीत बसली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. "बाबा... दादाला नीचे समजलं. तुम्ही खाली म्हणून राहिलात, खाली! खाली घर!"

काकांचं म्हणणं होतं, वरून एक घर खाली, म्हणजे रिकामं सोड आणि क्लिप दुसऱ्यात लाव. सुई उतरली असती, पेट्रोल कमी झालं असतं, गाडी जागी झाली असती. मी एक घर खाली, म्हणजे खालच्या बाजूला गेलो आणि पेट्रोल वाढवलं. वाढलेल्या पेट्रोलचा धूर बघून त्यांनी मेन जेट लहान करवला. अर्ध्यावर गाडी बुडत होती आणि पूर्ण उघडल्यावर उपाशी मरत होती. दोन बरोबर कामं एका शब्दावर उलटी बसली होती.

'मकान खाली है' अशा पाट्या दौलतगंजात दर दोन गल्ल्यांनी दिसतात. त्या मी पहिल्या दिवसापासून बरोबर वाचल्या आहेत. त्या हिंदीत असतात म्हणून.

"मग रिकामं म्हणायला काय होतं तुम्हाला?" काकू काकांना म्हणाल्या.

"रिकामं म्हणजे ज्याला काही काम नाही ते. सुईचं घर रिकामं कसं असेल?"

"तुमच्यासारखं," काकू म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. त्या गाडीकडे बघत होत्या. "ते खाली-वर नंतर बघा. मला एवढंच सांगा. जाम झाली की नाही झाली?"

ताईचं हसू गेलं. काका माझ्याकडे बघत होते, काळ्या चष्म्यातून बघत होते असं मी समजतो.

"ती बंद मी केली, आई," ताई म्हणाली. "जाम झाली असती तर मी इथे उभी असते का?"

"तुला नाही विचारलं. याला विचारलं."

मी म्हटलं, "बघून सांगतो."

इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं. सकाळी बाड्याच्या बाजारातून आणलेली बेडई, डाळ भरलेली पुरी, डब्यात तशीच होती. ती कोणी उघडली नाही. ताई लांब जाऊन बुटांची माती काढत बसली, पुष्कळ वेळ एकाच बुटाची. मी सायलेन्सरचा पाइप सोडला. तो काढला की सिलिंडरच्या तोंडातून पिस्टनची एक बाजू दिसते. टॉर्च मारून, किक हळूहळू फिरवून मी पिस्टन वरून खालपर्यंत बघितला.

"दोन रेघा आहेत," मी म्हटलं. "बारीक."

"म्हणजे जाम," काकू म्हणाल्या.

"नख फिरवायचं असतं. रेघेत नख अडकलं तर धातू उचकटलाय, म्हणजे धरला होता. नाही अडकलं तर नुसता घासलाय, अजून चालतो."

"तुझं अडकलं?"

माझी नखं कामाने झिजलेली. मी फिरवलं होतं आणि मला काही लागलं नव्हतं. पण माझ्या नखांना काही लागत नाही हेही मला माहीत होतं. मी ते तसंच सांगितलं.

काका म्हणाले, "मी बघतो."

"तुम्ही डोळे सांभाळा." काकूंनी पदर खोचला. "बाजूला हो रे."

त्या गुडघ्यावर बसल्या. मी टॉर्च धरला. त्यांनी बोट आत घातलं. पोस्टातली सगळी वर्षं ज्या बोटाने त्यांनी लोकांना तिकिटं सुटी करून दिली तेच बोट असावं, नख गोल कापलेलं, स्वच्छ. त्यांनी ते आडवं फिरवलं. परत फिरवलं. मग मला म्हणाल्या, "जरा वर कर," आणि मी किक दाबून पिस्टन जरा वर केला. वर म्हणजे वर, यात आमचं दोघांचं एकमत होतं. त्यांनी पुन्हा फिरवलं. डोळे मिटलेले होते.

"लागत नाही," त्या म्हणाल्या. बोट बाहेर काढून त्यांनी पदराला पुसलं, काळा डाग पडला तो बघितला. "गुळगुळीत आहे. जाम नाही झाली."

ताई लांबून ऐकत होती. ती दुसऱ्या बुटाची माती काढायला लागली.

मी जुना मेन जेट परत घातला. क्लिप लावताना काका शेजारी उभे होते. "वरून दुसरं घर," ते म्हणाले. मी म्हटलं, "वरून दुसरं." त्यांनी माझ्या हातातली सुई घेतली आणि डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून नखाने घरं मोजली. परत दिली. ताईने हळू सुरुवात केली, आम्ही दर फेरीला प्लग बघितला, आणि दुपारी तो दुधाच्या चहाच्या रंगावर, हवा तिथे, आला. अर्ध्यावर गाडी अडखळेनाशी झाली. बेडई थंडच खाल्ली.

रविवारी ताई मधल्या गर्दीत आली. नंबरात नव्हती, पण कोपऱ्यातून निघताना मागे पडत नव्हती. मी सगळा वेळ आवाज ऐकत होतो. शर्यत अशी मी बघितलीच नाही. संपल्यावर ती गाडी बंद न करता थेट काकूंपर्यंत घेऊन आली, तिथे उभी राहिली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं.

"ऐकलं, बंद कर," काकू म्हणाल्या. "कान गेले माझे."

संध्याकाळी वर्कशॉपसमोर गाडी उतरवली. आम्ही तिघे तिच्याभोवती उभे होतो. पुढच्या शर्यतीचं नाव कोणी काढत नव्हतं. काकू जिन्यावरून वर जायला निघाल्या होत्या. चार पायऱ्या चढून थांबल्या.

"तिच्यावर कव्हर घालून ठेवा. दव पडतं."

हे मला लगेच समजलं. मी कव्हर आणायला आत गेलो.